चारशे डिग्रीचे बुश

(फोनवर. ती यंत्रांचे बुश, म्हणजे फिरता शाफ्ट ज्यात बसतो त्या नळ्या, विकणाऱ्या दुकानात. तो आपल्या वर्कशॉपमध्ये, एकटा.)

बुशवाली : काका, सकाळपासून कितव्यांदा फोन करताय? आता एकदाचं काय ते सांगून टाका. टेम्पो दारात उभा आहे.

भट्टीवाला : ब्रॉन्झचेच द्या. ग्रॅफाइट भरलेले. शाफ्ट पन्नास एमएमचा, आठ नग.

बुशवाली : मगाशी तर कार्बनचे म्हणालात.

भट्टीवाला : बदललं मन. ब्रॉन्झ आपल्या ओळखीचं. कार्बनला चुकून हातोडी लागली की कारभार आटोपला.

बुशवाली : बरं, ब्रॉन्झ लिहिते. वंगणाचं काय?

भट्टीवाला : वंगण कुठलं, ताई! भट्टीच्या आत तेल घातलं तर त्याचा धूर होईल आणि मागे काजळी उरेल. शाफ्टला कोरडंच फिरायचंय.

बुशवाली : आत किती तापणार?

भट्टीवाला : चारशे डिग्री.

बुशवाली : चारशे...

भट्टीवाला : लिहिलंत ना?

बुशवाली : लिहिलं. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं आणि गप्प बसायचं, असं आमच्या शेठनी बजावलंय.

भट्टीवाला : बरोबर आहे त्यांचं. पाठवून द्या मग.

बुशवाली : आवाज का असा पडला तुमचा?

भट्टीवाला : काही नाही. दादा असता तर एव्हाना त्यानं माझी सालटी काढली असती.

बुशवाली : मोठे काका ना? ते फोनवर असले की मागून तुमचं भांडण ऐकू यायचं. आमच्याकडे सगळ्यांना वाटायचं, या भावांचं एकमेकांशी पटत नाही.

भट्टीवाला : पटवून घ्यायचंच नाही, असं ठरलं होतं आमचं. मी बुश निवडला की त्यानं खोड काढायची. त्यानं निवडला की मी. भांडून भांडून दोघंही गप्प झालो, की तोच बुश मागवायचा. अख्खा धंदा असा केला. तो गेल्यापासून मी तोंड उघडतो आणि लगेच सगळे गप्प. कामगार म्हणतात, हो मालक. वहिनी म्हणते, तुम्ही म्हणाल तसं भाऊजी. मला कळतच नाही, मी बरोबर आहे की नुसता एकटा आहे.

बुशवाली : आणि ही भट्टी?

भट्टीवाला : तो गेल्यानंतरचं पहिलं काम. इथे शाफ्ट अडकला, तर दारावरची दोघांच्या नावाची पाटी उतरवणार मी. एकट्यानं नाही ओढायचा हा गाडा.

बुशवाली : काका, ब्रॉन्झ पाठवत नाही मी.

भट्टीवाला : काय म्हणालात?

बुशवाली : चारशेला ते मऊ पडेल आणि शाफ्टला धरून बसेल. तीनशेच्या आत असतं तर बोलले नसते.

भट्टीवाला : शेठ ओरडतील तुम्हाला.

बुशवाली : ओरडू देत. कार्बनचेच घ्या.

भट्टीवाला : कार्बनचं कौतुक सांगू नका मला. बुश ज्यात बसतो ते बाहेरचं स्टीलचं घर तापून फुगतं, कार्बन तेवढा फुगत नाही. बुश सैल होऊन घरातच गरगरेल. मग काय करू?

बुशवाली : घर आधी तापवा, मग बुश आत सोडा. गार झालं की आवळून बसेल. वर एक पिन लावा.

भट्टीवाला : पिनेपाशी तडा जाईल.

बुशवाली : खाच ऐसपैस ठेवलीत तर नाही जाणार. तुम्ही ठेवाल चिंचोळी, म्हणून सांगतेय.

भट्टीवाला : थांबा, लिहून घेतो. खाच ऐसपैस.

बुशवाली : काका? जास्त बोलले का मी?

भट्टीवाला : नाही हो. फार दिवसांनी कोणीतरी आडवं बोललं. बरं वाटलं.

बुशवाली : मग अजून ऐका. शाफ्ट आणि बुशमध्ये फट किती ठेवणार? गार असताना हाताला छान फिरतोय म्हणून कमी ठेवाल, आणि तापल्यावर जाम होईल.

भट्टीवाला : फोन ठेवू नका. खुर्ची ओढून घेतो.