देवाच्या गाई आणि ऑर्वलचा उजवा डोळा

व्हर्ला : आधी ती टोपी काढ. चर्चमध्ये आलायस, कोंडवाड्यात नाही.

ऑर्वल : कोंडवाडाही चर्चचाच आहे. गाई चर्चच्या, कुंपण चर्चचं, शेणसुद्धा चर्चचं. तिथे टोपी चालते, मग इथे का नाही?

डेल्बर्ट : बसा, ब्रदर ऑर्वल. सिस्टर व्हर्ला, तुम्हीही बसा. हे काय आणलंत?

व्हर्ला : संत्र्याचा केक. पण आज उपासाचा रविवार, तेव्हा सूर्य मावळेपर्यंत झाकण उघडायचं नाही, बिशप. याच्यासाठी मी कालपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. आणि ज्याच्यासाठी उपास, त्या माझ्या नवऱ्यानं सकाळी दोन अंडी हाणली!

ऑर्वल : हौदात पाणी आहे का बघायला जायचं होतं. देवाच्या असल्या म्हणून गाईंना रविवारी तहान लागत नाही की काय?

डेल्बर्ट : उपास कशासाठी, ते तर सांगा.

ऑर्वल : सांगतो. पण आधी मला एक कळू दे. या खुर्चीत आत्ता कोण बसलंय? बिशप, का गाईंच्या रँचचा मॅनेजर?

डेल्बर्ट : रविवार आहे, टाय लावलाय. बिशप.

ऑर्वल : आणि मॅनेजर?

डेल्बर्ट : तो सोमवारी पहाटे उठतो.

ऑर्वल : बिशपला सांगितलेलं त्याच्या कानावर जात नाही ना?

डेल्बर्ट : आम्हा दोघांना मिळून कान दोनच आहेत, त्याला मी काय करू? पण तोंडाचं वचन देतो. इथे ऐकलेलं दाराबाहेर जात नाही. माझ्या बायकोकडे नाही आणि त्या मॅनेजरकडेही नाही.

ऑर्वल : शपथ?

व्हर्ला : अरे, बिशपला शपथा काय घालतोस! लहानपणी दोघं मिळून मगरीची अंडी चोरायला जायचात, तेव्हा घातल्यास तेवढ्या पुरे. तेव्हा याला 'डेल, डेल' करत फिरायचास. आता बघा, कसा 'तुम्ही-आपण' करतोय.

ऑर्वल : मगरीची अंडी चोरणारा बिशप झाला आणि वर मॅनेजरही झाला, की 'तुम्ही' म्हणावंच लागतं.

व्हर्ला : तू सांगतोस का मी सांगू?

ऑर्वल : सांगतो ना, बाई! बिशप, मला आशीर्वाद हवाय. तेलाचा. डोक्यावर हात ठेवून.

डेल्बर्ट : देतो की. दुखतंय काय?

ऑर्वल : दुखत काही नाही. उजवा डोळा... जरा कमी दिसतं.

व्हर्ला : जरा कमी! परवा संध्याकाळी कुंपणाच्या खांबाला टोपी काढून म्हणाला, 'नमस्कार, सिस्टर प्रॅट!'

ऑर्वल : सिस्टर प्रॅट तशीच उभी राहते. कुणीही फसेल.

व्हर्ला : काचबिंदू आहे, बिशप. शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं, उजवा गेला. दिवा विझला तो विझला, आता पेटायचा नाही. डावा धड आहे, औषध घातलं तर राहील. आणि गुरुवारी हा घोड्यावरून पडला.

ऑर्वल : ते सांगायचं ठरलं नव्हतं!

डेल्बर्ट : पडला? गुरुवारी तर म्हणालास, खूर बघायला उतरलो होतो.

ऑर्वल : कुणाला म्हणालो? मॅनेजरला. तो इथे नाहीये.

डेल्बर्ट : बरं. नाहीये. कसा पडलास?

ऑर्वल : उजवीकडच्या झुडपातून रानडुक्कर आलं. घोड्याला, बिस्किटला दिसलं, मला नाही. तो डावीकडे उडाला आणि मी होतो तिथेच राहिलो. हवेत. मग चिखलात. कुत्री माझ्याभोवती गोळा होऊन बघत बसली. हसत होती मेली.

व्हर्ला : पाठ एवढी काळीनिळी झालीय. दाखव ना!

ऑर्वल : देवाच्या घरात सदरा काढू? टोपीवरून एवढं ऐकवलंस ते?

डेल्बर्ट : मॅनेजरला का नाही सांगत, ऑर्वल?

ऑर्वल : त्याचा नियम माहीत आहे ना? ज्याला दोन्ही बाजू दिसत नाहीत, त्यानं दलदलीत घोडा घालायचा नाही. त्यानं सख्ख्या भावाला उतरवलं, बिशप. गुडघा वाकत नाही म्हणून थेट ट्रॅक्टरवर बसवलं. भाऊ वर्षभर बोलला नाही त्याच्याशी.

डेल्बर्ट : अजूनही धड बोलत नाही.

ऑर्वल : बघा! मग मला तो सोडेल? उद्या दलदलीतून सगळा कळप वर आणायचाय, पाणी चढायच्या आत. मिसरूड फुटल्यापासून एकदाही चुकवलं नाही मी ते. घोड्यावरून उतरलो की मी कोण राहिलो? फाटकं उघडणारा म्हातारा. मला भीती वाटते हो. पडायची नाही वाटत. उतरायची वाटते.

व्हर्ला : मला पडायचीच वाटते. हे लिहून घ्या.

डेल्बर्ट : इथे काही लिहून घेत नाही, सिस्टर. बरं, आशीर्वादाला खरं तर दोन माणसं लागतात. मी कुणाला तरी बोलावतो.

ऑर्वल : अजिबात नाही! तिसऱ्याला कळलं की दुपारपर्यंत कुत्र्यांनाही कळेल. आणि दोन माणसं तुम्ही एकटेच आहात की. बिशप एक, मॅनेजर दोन.

डेल्बर्ट : मॅनेजर इथे नाहीये म्हणालास ना आत्ता?

व्हर्ला : पुरे आता. एकट्यानंही चालतं, अडचण असली की. ही अडचणच आहे. चाळीस वर्षांपूर्वी लग्न केलंय मी या अडचणीशी.

डेल्बर्ट : खुर्ची इकडे घे. डोळे मीट. दोन्ही. ... ऑर्वल, या तेलाच्या थेंबासोबत तुला आशीर्वाद देतो. तुझी पाठ बरी होईल. तुझा डावा डोळा जपला जाईल. आणि... आणि तुझ्या जिभेला बळ मिळेल, म्हणजे जे सांगायला हवं, ते ज्याला सांगायला हवं, त्याला तू सांगशील. आमेन.

व्हर्ला : आमेन!

ऑर्वल : एवढंच? उजव्याचं काय?

डेल्बर्ट : मनात जे आलं तेच बोललो. उजव्याचं काही आलं नाही. मी वाट बघितली, ऑर्वल.

ऑर्वल : वा रे वा! आलो डोळ्यासाठी आणि तेल लावून मिळालं जिभेला. हे मॅनेजरनंच आत शिरून सांगितलं असणार.

व्हर्ला : आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. आमच्याकडे उलटंच चाललंय. देवाच्या गाई आणि राखणारा हा!

डेल्बर्ट : ऐक. माझं वचन मी मोडणार नाही. उद्या पहाटे तू बिस्किटवर खोगीर चढवशील आणि मी समोर उभा राहून गप्प बसेन. पण दुपारी तू तिकडे पडून राहिलास, तर व्हर्लाच्या दारात ती बातमी घेऊन जाणारा दुसरा कुणी नसेल. हाच टाय लावून मीच जाणार. मला ते करायला लावू नकोस रे.

ऑर्वल : ... केकचं झाकण बघ, व्हर्ला. सैल झालंय.

व्हर्ला : केकला काही झालेलं नाही. ऊठ, घरी चल.

(सोमवार. उजाडायच्या बेतात. घोड्यांच्या आवारात.)

डेल्बर्ट : बिस्किटला खोगीर चढवलंस?

ऑर्वल : चढवलं. तुमच्या तोंडाला केक लागलाय, बॉस. अंधारातही दिसतो.

डेल्बर्ट : मस्त होता. व्हर्लाला सांग.

ऑर्वल : सांगेन.

डेल्बर्ट : ठीक. मग मी बाकीच्यांना बघतो.

ऑर्वल : बॉस.

डेल्बर्ट : हं?

ऑर्वल : काही नाही. डास फार झालेत.

डेल्बर्ट : झालेत खरे.

ऑर्वल : बॉस! अहो, थांबा ना जरा. माझा उजवा डोळा गेलाय. काचबिंदू. आणि गुरुवारी मी खूर बघायला उतरलो नव्हतो, पडलो होतो.

डेल्बर्ट : काय सांगतोस!

ऑर्वल : असं तोंड वासू नका. नाटकात उभंसुद्धा करणार नाही कुणी तुम्हाला.

डेल्बर्ट : मी आत्ताच ऐकतोय. आणखी कुणाला सांगितलंस?

ऑर्वल : बिशपला.

डेल्बर्ट : काय म्हणाला?

ऑर्वल : काही धड नाही. जिभेला तेल लावलं आणि रात्रभर झोप उडवली माझी.

डेल्बर्ट : चांगला माणूस दिसतो.

ऑर्वल : बरा आहे. प्रार्थना फार लांबवतो. बोला आता. उतरवताय ना मला?

डेल्बर्ट : दलदलीपुरता उतरवतो. भावाला उतरवलं, तुला सोडलं तर त्याला काय तोंड दाखवू? पण बिस्किट तुझाच राहील. वरच्या कोरड्या कुरणात वासरांवर लक्ष ठेवायला माणूस हवाच आहे मला. चालीनं, दौडीनं नाही.

ऑर्वल : चालीनं. म्हाताऱ्यांसारखं.

डेल्बर्ट : आपण म्हातारेच आहोत.

ऑर्वल : आणि आजचं?

डेल्बर्ट : आज कळप दलदलीबाहेर आला की फाटकापासून वरपर्यंत रस्ता कोरडा आहे. तिथून कळपाच्या शेपटाला राहा. तेवढं नियमात बसतं. उजव्या बाजूला एक माणूस देतो.

ऑर्वल : कुणी बडबड्या देऊ नका. मी तिथे फाटकापाशी थांबतो.

डेल्बर्ट : थांब. गाई येतीलच.

(नंतर. फाटकापाशी.)

ऑर्वल : हो, हो, बिस्किट! आल्या बघ. हॅ! चला गं बायांनो! सांभाळून, वासरू तुडवशील तुझंच! ... कोण ते? उजवीकडे घोडा आलाय कुणाचा तरी. मला दिसत नाही. कोण आहे? बॉस का बिशप?

डेल्बर्ट : डेल आहे.

ऑर्वल : मग जरा जवळून चाल, डेल. तुझ्या बाजूचं मला काहीच दिसत नाही.