खोट्या धुरातली वैशाली

आटपाट बाभुळगाव होतं, तिथं माहा लेक दिनकर अन् त्याची पोरगी वैशाली राहे. वैशाली जहाजाचं शिके. तिच्या कॉलेजनं नॉर्वेच्या कॉलेजसंगं पोरांची अदलाबदल ठरवली. त्यांचे पोरं इकडं, आपले तिकडं. तशी ती गेली.

तेच कपाशीवरच्या बोंडअळीचं साल. फवारणीचं जहर लागून गावोगावचे मानसं दवाखान्यात पडले होते. अशात दुपारी मोबाइलवर तिच्या कॉलेजनं टाकलेला फोटो आला. वैशालीच्या तोंडाले मास्क, डोळे मिटलेले, अन् चौघं तिले स्ट्रेचरवर उचलून नेऊन राह्यले! म्या दिनकरले हाक मारून फोटो दाखवला. दिनकर म्हणे, "माय वं, तिथंही फवारतात काय?" फोन लागेच ना. सून देवापुढं डोकं टेकवून बसली.

शेवटी पोरीचाच फोन आला. "अवं आजी, जहाजाले आग लागली तं काय करायचं, त्याचा सराव होता तो. म्या बेशुद्ध पडल्याचं सोंग केलं होतं, अन् धूरही खोटाच."

दिनकर रडता रडता खेकसला, "खोट्या धुरात तोंड कायले झाकता?"

"अन् बाबा, तुम्ही खऱ्या जहरात उघड्या तोंडानं काहून फिरता?"

दुसऱ्या दिवशी दिनकर तोंड झाकूनच फवाराले गेला.

आज पोरगी जहाजावर हाये, अन् तिचा बाप वावरात धडधाकट उभा हाये.