मागे कोण उभंय बघा!

त्या दिवशी आभाळ सकाळपासून नुसतं दाटून बसलेलं, पडत नाही की उघडत नाही, वाऱ्याचा पत्ता नाही, बनियन अंगाला चिकटलेलं... आणि असल्या हवेत मला कोट! का? तर जावईबापूंच्या संगीताचा कार्यक्रम! आता तुम्हाला सांगतो, मी जन्मभर गाद्या शिवल्या, शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण गाणं मला आवडतं हो. सिनेमातलं तर फारच. पण ते जावईबापूंसमोर म्हणायची सोय नाही! "बाबा, सिनेमाचं संगीत म्हणजे चित्राच्या मागे मागे फिरणारं पाळीव जनावर. माझं संगीत कुणाच्या मागून चालत नाही." खरंय. त्यांच्याही मागून कोणी चालत नाही! पण मी आपला गप्प. जावई आहेत, बोलून चालतं का?

आदल्या दिवशी लेक स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "बाबा, ह्यांनी ठरवलंय. या वेळी एक जरी माणूस मनापासून आवडलं म्हणाला तर पुढे संगीत लिहायचं, नाहीतर सगळे कागद बांधून माळ्यावर. तुम्ही माणसं आणा ना." आणा म्हणजे? गाद्या आहेत का, खांद्यावर टाकून आणायला? तरी समोरच्या दारातल्या शेजाऱ्यांना गळ घातली. दोनदा चहा पाजून.

सभागृहात पाहतो तर व्हायोलिनवाल्यांची रांग, एक बाई आपल्याएवढ्या मोठ्या व्हायोलिनला मिठी मारून बसलेली, आणि पियानोवाला पियानोच्या पोटात वाकून आतल्या तारा खाजवतोय! अरे, समोर पट्ट्या आहेत ना, त्यांनी काय घोडं मारलं तुझं? मला वाटलं, सूर जुळवतायत. जुळवू देत, घाई कुणाला आहे? बसलो वाट बघत. बराच वेळ बसलो... मग कळलं, हेच ते! किर्रर्र... मग काही नाही. मग पुन्हा किर्रर्र... पुढच्या रांगेतले दाढीवाले मात्र डोळे मिटून माना हलवतायत. "काय शांतता पकडलीय!" शांतताच हवी होती तर ती घरी होती की, कोट न घालता! पण मी आपला गप्प. जावई आहेत.

आणि मग ते सगळे व्हायोलिनवाले एकदम खालून वर सरकायला लागले, ऊंऊंऊं... आणि आमची ही माझा दंड आवळून ओरडली, "अहो, मागे कोण उभंय बघा!"

तुम्हाला सांगतो, अख्ख्या सभागृहाने वळून मागे पाहिलं! दाढीवाल्यांनीसुद्धा! तिचं तरी काय चुकलं? इतके सिनेमे पाहिलेत, असं वाजलं की मागे कोणीतरी असतंच. आणि होतंच की! आमचे शेजारी. दाराशी. वाकून, पावलं न वाजवता, घरी निघालेले.

जावईबापू रात्री जेवले नाहीत. "आईंनी माझ्या संगीताचं भूत केलं!" लेकीने सुतळीचा गुंडा आणून ठेवला आणि तोंड फिरवून बसली. सकाळी फोन वाजला. सिनेमावाला! तोही होता म्हणे त्या गर्दीत... गर्दीत म्हणतो आपलं. "तुमच्या सासूबाई जिथे ओरडल्या ना, तेवढा तुकडा मला द्या." भुताच्या सिनेमासाठी! जावईबापू लालबुंद. "मी भाड्याने मिळत नाही!" लेक एवढंच म्हणाली, "निदान कोणी ऐकेल तरी." त्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले ते दिवे लागेपर्यंत. मग हो म्हणाले, पण एक सूर बदलायचा नाही या अटीवर. आणि नाही बदलला! मी दोन्ही वेळा जागा होतो.

सिनेमा लागला. आम्ही सगळे गेलो, मागच्या रांगेत शेजारी सहकुटुंब. पडद्यावर अंधारा जिना, एक बाई दिवा घेऊन चढतेय, आणि ऊंऊंऊं... थिएटरभर किंकाळ्या! आमची ही जवळजवळ माझ्या मांडीवर! तीच व्हायोलिनं, तीच खाजवाखाजव! नुसती ऐकली तर डोक्यावरून जाते, जिन्यावर बाई चढवली की लगेच कळते! काय कान म्हणायचे हे? बोट धरून कोणी नेल्याशिवाय बाहेर पडत नाहीत! आणि दाढीवाले काय कमी? मध्यंतरात भेटले, म्हणतात, "विकला गेला बिचारा." अरे, तेच आहे ते! ज्याच्यावर डोळे मिटून माना हलवल्या तेच! पण मी आपला गप्प.

जावईबापूंकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते. वळून मागची माणसं बघत होते, एकेकाचा चेहरा. म्हटलं, चला, मिळालं. आता कोणीतरी म्हणेल.

शेवटी नावं सरकायला लागली तशी माणसं उठून चालू लागली. जावईबापूंचं नाव आलं ते गाड्या चालवणाऱ्यांच्या खाली, तोवर झाडूवाला आत आलेला. आम्ही बाहेर आलो, तर शेजारी थेट जावईबापूंसमोर. घामाघूम. त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांत चक्क पाणी, आणि म्हणाले, "काय संगीत होतं हो! काळीज हललं माझं, अगदी मनापासून सांगतो! जावईबापू, राग मानू नका, वडीलधारा म्हणून बोलतो... त्या दिवशीचं ते किर्रकिर्र सोडा, आणि असं काहीतरी लिहायला शिका."