नाव न सांगणारे फोन

तुम्ही हसाल, पण खांदा कॉलनीतल्या आमच्या घरी अजून लँडलाइन आहे, आणि तिच्यावर दिवसभर प्लॉटवाल्यांचे फोन. वैतागून मी फोन गाळणारा डबा आणला. तो फोन करणाऱ्याला नाव विचारतो, मग त्याच्याच आवाजात आपल्याला ऐकवतो. पटलं तर बटण दाबायचं आणि बोलायचं. बाबांना बजावलं, "नाव सांगणार नाही त्याचा घ्यायचा नाही."

बाबांनी बरोबर उलटं केलं. नाव-आडनाव सांगणारे सगळे कापले, नुसतं "मी हाय" म्हणणारे घेतले. म्हणाले, "आपला मानूस कदी नाव सांगतो काय?"

परवा दुपारी बाबा खुर्चीत पेंगत होते. फोन वाजला. डब्यातून नाव नाही, नुसती लाटांची गाज. मला वाटलं, बिघडला. बाबांनी डोळे न उघडताच बटण दाबलं. "बोल, बाय."

उरणची आत्या, बाबांची बहीण. तिने फोन खिडकीबाहेर धरला होता. दोघंही बोलेनात. स्पीकरमधून समुद्र घरभर पसरत गेला, आणि मीही किती वेळ तिथेच बसून राहिलो कुणास ठाऊक.

फोन बंद झाल्यावर विचारलं, "काय म्हणाली आत्या?"

"भरती हाय," म्हणाले, आणि खुर्चीतच कूस बदलली.