गंगाकाकूच्या नवऱ्याचं नाव

तुमी म्हणता अदालत सगळ्यांला उघडी हाय. हाय की! पर आमच्या शेजारच्या गंगाकाकूचं काय झालं, ते ऐका आन् मग बोला.

नवरा वारला आन् दिरानं तिचं शेत दाबलं. तलवाड्याहून बैलगाडीत बसवून मीच तिला गेवराईच्या अदालतीत नेलतं. तवा अदालतीचा कारभार उर्दूत चालायचा. मुन्सिफाची, म्हंजी न्यायाधीशाची, उर्दू तिला कळंना, म्हणून कारकुनानं मराठीत विचारलं, "बाई, नवऱ्याचं नाव सांग."

काकूनं पदर पुढं ओढला. जन्मात कधी नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं न्हाई. गावात कुणी पुसलं तर बाजूचं माणूस सांगायचं. तिनं दाराकडं, माझ्याकडं बघितलं.

मी दारातूनच वरडलो, "किसनराव!"

चपराशानं मानगूट धरून मला मागं ओढलं. "गवाह है क्या बे तू?"

मग मुन्सिफानं दिरालाच विचारलं, ही कुणाची बायको? सख्ख्या भावाची बायको ती! पर त्यानं हात जोडले आन् म्हणला, "तिलाच ठावं न्हाई सरकार, मला काय ठावं?"

दावा खारीज.

परतताना शेताच्या बांधापाशी काकूनं गाडी थांबवायला लावली, उतरली, आन् उभ्या पिकाकडं बघून म्हणली, "किसनराव, गेलं हो आपलं शेत."

नाव कसं खणखणीत आलं! ऐकायला मी आन् बैलं.