छातीचा फोटो आणि पेपरातला कम्प्युटर

एक्स-रेच्या खोलीबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर एक आजी-आजोबा बसले होते. आजींच्या छातीचा फोटो काढून झाला होता, रिपोर्ट यायचा होता. आजोबा पेपर वाचत होते.

"हे ऐक. म्हणे आता एक्स-रे कम्प्युटर बघणार, आणि डॉक्टरला न दिसलेला डागही त्याला दिसणार!"

"बरं."

"बरं काय? दाढी वाढली की माझा मोबाइल मला ओळखत नाही!"

"मी तरी कुठे ओळखते?"

"मागे हेच शहाणे म्हणत होते, अंडी खाऊ नका. आता म्हणतात, रोज खा. यांचं एक काही धड ठरत नाही."

"तुम्ही तेव्हाही खात होतात, आताही खाताय."

"तू त्यांची बाजू घेऊ नकोस."

"अहो, मी कुणाचीच बाजू घेत नाहीये. महिनाभर खोकून जीव नकोसा झालाय. जरा गप्प बसाल का?"

"मी एवढंच म्हणतोय, माणसाची नजर ती माणसाची नजर."

"मग तेच पान कितीदा वाचताय?"

तेवढ्यात दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"आजी, फोटो मी नीट बघितलाय. डाग-बिग काही नाही. औषध देते, खोकला जाईल."

"ऐकलंत? उठा आता."

आजोबा उठले, पण दारापाशीच घुटमळले.

"डॉक्टर, तो कम्प्युटर आहे का हो तुमच्याकडे?"

"कुठला, आजोबा?"

"हा, पेपरातला. माझा काही विश्वास नाही त्याच्यावर. पण हिचा फोटो एकदा त्यालाही दाखवला असतात तर..."