खिळ्यावरचा बिल्ला

वहिनी : "डोळे पूस, तोंड धू आणि हसत बाहेर ये." आई एवढंच म्हणायची. न्हाणीघराच्या दाराबाहेरून, हळू आवाजात, पाहुण्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून. किती वर्षं झाली तिला जाऊन, आणि आज पाण्याखाली ऐकू आली बघ. कानात समुद्र, तोंडात श्वासाची नळी आणि मध्येच आई.

नणंद : पाण्याखाली आई? वहिनी, तुला ऊन लागलंय. हे घे, पाणी पी.

वहिनी : नको गं. तोंडात अजून त्या नळीची चव आहे. आधी रबराची, आणि रबराच्या मागून दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडाची. एकाच बादलीत बुचकळून काढतात सगळ्या. त्या बादलीतलं पाणी बघितलंस? दुधावर साय धरावी तसा तवंग.

नणंद : सनक्रीमचा असेल.

वहिनी : सनक्रीमचा, डिझेलचा, थुंकीचा. मास्कमध्ये थुंकायचं म्हणे, म्हणजे काच धुरकट होत नाही. इकडे सगळे थुंकतायत, तिकडे तो लाल टी-शर्टवाला पिशवीत ओकतोय, आणि पाण्यात पाव कुस्करून मासे बोलावतायत. मासे कसले, उष्ट्यावर घोंगावणाऱ्या माश्याच त्या.

नणंद : तुला काही म्हणजे काही आवडलं नाही? तो रंग तरी बघ पाण्याचा!

वहिनी : रंगाला नावं नाही ठेवणार. निळ्यात हिरवं, हिरव्यात ऊन, आणि तळाशी वाळूवर माझी सावली, हात पसरलेली. मला वाटलं, ही कोण बाई, किती हलकी! तेवढ्यात तुझ्या दादाने पाय ओढला.

नणंद : गंमत करतो तो.

वहिनी : हो. गंमतच करतो.

नणंद : पण आहे कुठे? मघापासून आवाज नाही. एवढा वेळ गप्प बसणारा प्राणी नव्हे तो.

वहिनी : वर असेल, छतावर.

नणंद : छतावर ते नवं जोडपं लोळतंय.

वहिनी : मग पुढे असेल. बोटवाल्याला बोट कशी चालवायची ते शिकवत.

नणंद : हां, ते शक्य आहे. ए वहिनी, तुझ्या पिशवीला कसला वास येतोय?

वहिनी : तारामाशाचा.

नणंद : काय?

वहिनी : तुझ्या दादाने हाक मारून बोलावलं मला. म्हणाला, हात पुढे कर. केला. तळहातावर ठेवला. ओला, खरखरीत, आणि खालून शेकडो बारीक पाय. इतके बारीक की गुदगुल्या नाही होत, नुसतं कळतं की कुणीतरी धरून ठेवलंय आपल्याला. "फोटो काढतो, हस. अजून एक. ऊन डोळ्यांवर येतंय, इकडे वळ. अजून एक." फोटो संपेपर्यंत ते पाय थांबले गं, एकेक करून.

नणंद : ई! मग परत सोडायचा ना पाण्यात!

वहिनी : मी वाकले होते सोडायला. म्हणाला, "वेडी आहेस का, शोकेसमध्ये मस्त दिसेल." माझ्या नॅपकिनमध्ये गुंडाळला, माझ्या पिशवीत घातला.

नणंद : शी! आणि तू घालू दिलास?

वहिनी : मी? मी फोटोत हसतेय. बघशील तू.

बोटवाला : घ्या ताई, पपई घ्या. गार आहे. हात धुतलेत मी, बघू नका असं. बरं, ते टोपीवाले साहेब कुठायत? तिकडे वाळूवर उतरतानाच दोन वाट्या सांगून ठेवल्यात त्यांनी.

नणंद : तुमच्याबरोबर नाहीत पुढे?

बोटवाला : माझ्याबरोबर? नाही बुवा. बाथरूममध्ये असतील.

नणंद : आत्ताच जाऊन आले मी तिथे. नाक धरून. कुणी नव्हतं.

बोटवाला : असं कसं? थांबा. पाण्यात उतरताना प्रत्येकाने खिळ्यावरून आपला बिल्ला काढायचा, परत चढला की लावायचा. सगळे खिळे भरले तरच मी नांगर उचलतो. मघाशी एकही रिकामा नव्हता. स्वतः हात फिरवला मी फळीवरून.

वहिनी : त्यांचा बिल्ला मी लावला.

बोटवाला : तुम्ही?

वहिनी : माझ्याकडेच होता. घड्याळ, चष्मा, चपला, बिल्ला. लाइफ जॅकेटही माझ्या बाकाखाली आहे, काखेत काचत होतं म्हणून काढून दिलं. सगळं माझ्याकडेच असतं.

बोटवाला : म्हणजे साहेब तिथेच... ताई, तो वाळूचा पट्टा आहे! झाड नाही, दगड नाही. भरती लागलीय. दुपारनंतर आम्ही त्याच्यावरून बोटी नेतो! ओ मंडळी, धरून बसा, बोट वळवतोय! मागे जायचंय, माणूस राहिलंय!

नणंद : देवा! वहिनी, त्याला पोहता येतं ना?

वहिनी : येतं म्हणतो.

नणंद : म्हणतो म्हणजे काय?

वहिनी : म्हणजे म्हणतो. अंगठ्याखालची वाळू सुटली की मागे फिरतो. आज मी होते बाजूला, मला दिसलं.

नणंद : आणि तू इथे बसून मला बादलीतला तवंग सांगत होतीस?

वहिनी : हो.

नणंद : माझ्याकडे बघ. विसरलीस, की मुद्दाम लावलास?

वहिनी : पहिला बिल्ला माझा. दुसरा हाताने लावला, सवयीने. रोज माझ्याबरोबर त्याचंही ताट धुणारा हात तो. लावला आणि मग मान वर केली, तर तो दिसला. पाठमोरा, पट्ट्याच्या टोकाला. पाण्यात पाय रोवून प्रवाळाची फांदी उपटत होता. मुळा उपटावा तशी. हलवून, हिसका देऊन.

नणंद : मग हाक का नाही मारलीस?

वहिनी : तोंड उघडलं होतं मी. पण तेवढ्यात कळलं, बोटीवर किती शांत झालंय. कुणी माझ्या वतीने बोलत नव्हतं. कुणी माझ्या वाटीतून खात नव्हतं. लाटा बोटीला थोपटत होत्या, हळूहळू, तान्ह्याला थोपटावं तशा. वाटलं, एवढंसं ऐकू दे, मग मारते हाक. आणि इंजिन सुरू झालं.

नणंद : अगं, बुडेल तो!

वहिनी : माहितीये. म्हणून तर मघाशी तुझं पाणी नको म्हटलं. मला समुद्राची किळस नाही आली छोटी, त्या नळीचीही नाही. मला माझीच आली. बिल्ला काढून घ्यावा एवढा वेळ होता माझ्याकडे.

नणंद : दादा मारतो का तुला? कधी हात उचललाय?

वहिनी : कधीच नाही.

नणंद : बाहेर काही लफडं?

वहिनी : त्याला आरशातून वेळ मिळेल तेव्हा ना.

नणंद : हसवू नकोस गं आत्ता! मग आहे तरी काय?

वहिनी : काही नाही, हेच तर आहे. बायकांना सांगावं असं काही नाही. कान कोरलेली काडी माझ्या उशीशी ठेवतो. मी बोलायला लागले की टीव्हीचा आवाज वाढवतो. माझ्या बहिणीला म्हणाला, "हिला काही विचारू नका, हिला मत नसतं." सगळे हसले, मीही हसले. आज सकाळी धक्क्यावर, सगळ्या बोटीसमोर, तुझी ओळख काय करून दिली?

नणंद : जाऊ दे ना.

वहिनी : "ही आमची बहीण, नवऱ्याकडून परत आलेलं पार्सल."

नणंद : मी हसले त्यावर.

वहिनी : बघितलं मी. तुझं हसू माझ्या ओळखीचं आहे.

बोटवाला : ताई, इकडे पुढे या, तुमचे डोळे ताजे आहेत. बघा, पांढरी रेघ दिसते का? मघाशी अंगणाएवढा पट्टा होता. आता दोरीएवढा असेल.

नणंद : नाही दिसत... नाही... तिकडे! ते काळं काय आहे?

बोटवाला : तेच! उभे आहेत! कमरेपर्यंत पाणी, पण उभे आहेत! ओ साहेब! हलू नका! तिथेच थांबा! पोहू नका!

(इंजिनाचा आवाज उतरतो. पाण्यावरून लांबून एका माणसाच्या शिव्या ऐकू येतात.)

नणंद : जिवंत आहे! ऐक, ऐक कसा ओरडतोय! बाई गं!

वहिनी : बस खाली. धर माझा हात. श्वास घे.

बोटवाला : शिव्या देतोय म्हणजे छातीत दम आहे. देऊ दे. मी दोर टाकतो. आणि ताई, ऐका. साहेबांना मी सांगतो की चूक माझी. फळीवर विसंबून राहिलो, डोकी मोजायला हवी होती. परवाना गेला तर जाईल. नवराबायकोत समुद्र नको.

वहिनी : नाही. तुमचा परवाना का जावा? बिल्ला मी लावला, मी सांगेन.

बोटवाला : काय सांगाल?

वहिनी : जे झालं ते. तो बोटीवर चढेल, टॉवेलसाठी हात पुढे करेल. टॉवेल देईन. मग म्हणेन, मला तू दिसत होतास, आणि मी गप्प बसले. आणि आता मी तुझ्या घरी येणार नाही.

नणंद : आज नको वहिनी! तो तुला खुनी म्हणेल. जन्मभर ऐकवेल, गावभर सांगेल. चुकून झालं म्हण ना. गडबडीत लागला म्हण.

वहिनी : इतकी वर्षं त्या बिल्ल्यासारखी गडबडीतच लागले मी. तू मध्ये पडू नकोस. तुला त्याच घरात राहायचंय, त्याचंच जेवायचंय. तुझा काय संबंध यात?

बोटवाला : साहेब, दोर पकडा! डाव्या हाताने! हां, या, या!

नणंद : वहिनी...

वहिनी : बोल लवकर, आला तो.

नणंद : बोट निघाली तेव्हा मी बोटीच्या मागच्या टोकालाच उभी होते. त्याने वळून बघितलं. टोपी काढून हलवली, मला बघून. मी इकडे आले आणि तुझ्या शेजारी बसले.